भामामावशीच्या पंगतीतले चमचे

भामामावशी, सुनंदाचा फोन आला तेव्हा माझे हात पिठात होते. तांदळाची भाकरी थापत होते आणि ती नेहमीसारखी एका बाजूने फाटली होती. "आई गेली," एवढंच म्हणाली तुझी लेक, आणि मी तव्यावरची भाकरी तशीच टाकून खाली बसले. ती पार कोळसा झाली. तू असतीस तर आधी भाकरीवरून मला चार शब्द ऐकवले असतेस आणि मग मेल्याचं बोलली असतीस, हे मला पक्कं ठाऊक आहे. अन्न जाळलेलं तुला कधी खपलं नाही.

आज बारा दिवस झाले. लोक विचारतात, तुमची सख्खी मावशी का? मी हो म्हणून मोकळी होते. गिरगावातल्या वरणभाताच्या घरातली मी आणि लालबागच्या चाळीत बांगडे तळणारी तू, आपलं नातं कुणाला काय समजावून सांगायचं? एका फॉर्ममुळे आपली ओळख झाली हे तर कुणाला खरंही वाटत नाही.

आठवतंय ना तो फॉर्म? चार पानांचा, दोन्ही बाजूंनी छापलेला. संप सुरू झाल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. गिरण्यांचे भोंगे बंद होते. गावाला गेलेले गावाला गेले, आणि जे राहिले त्यांतले कितीतरी जण इमारतींच्या कामावर लागले होते. कुणी सळया बांधत होतं, कुणी सेंट्रिंगच्या फळ्या ठोकत होतं, कुणी प्लास्टरच्या घमेल्याखाली मान मोडून घेत होतं. बांधकामावर माणसं किती जायबंदी होतात हे मोजायचं काम आमच्या संस्थेने हाती घेतलं होतं, कारण ठेकेदारांच्या वह्यांमध्ये म्हणे कुणाला काही होतच नव्हतं. मी चोवीस वर्षांची, हातात नवीकोरी पदवी आणि खांद्यावर शबनम. चाळींमध्ये दारोदार फिरायचे आणि विचारायचे, गेल्या महिन्यात आपल्याला कामावर अपघात झाला का?

नाही. नाही बाई. छे छे. देवाची कृपा. पहिल्या तीन आठवड्यांत मला एकही अपघात सापडला नाही. एक जण तर बोटाला फडकं गुंडाळून माझ्यासमोर उभा राहून नाही म्हणाला, आणि मी मुकाट्याने 'नाही'वर खूण केली! फॉर्ममध्ये फडक्याला जागाच नव्हती.

तुझ्या खोलीत मी आले ती तिथे एकदम वीस माणसं सापडतात असं कुणीतरी सांगितलं म्हणून. तुझी खानावळ. गिरण्या चालू होत्या तेव्हा दोन पाळ्यांत मिळून सत्तर माणूस जेवायचं, असं तू सांगायचीस. मी आले तेव्हा वीस-बावीस उरली होती. दारातच मला थांबवून तू वरपासून खालपर्यंत बघितलंस. मी म्हटलं, तुम्ही मला जरा वेळ द्याल का? तर तू म्हणालीस, मला तुम्ही म्हणू नकोस, मी काय मास्तरीण आहे? आणि आधी जेव. माझी पंचाईत झाली. कढई माशाची होती. तू न विचारताच ओळखलंस आणि कुळथाची पिठी वाढलीस. तेव्हापासून वर्षभर आठवड्यातून दोनदा मी तुझ्याकडे कुळथाची पिठी खाल्ली. घरी कुणी कुळीथ शिजवला तर मी नाक मुरडायचे आणि तुझ्याकडे वाटी चाटून पुसून.

पंगत उठल्यावर मी फॉर्म काढला, सगळे नाही म्हणाले आणि निघून गेले. तू भांडी गोळा करत होतीस. मग कमरेवर हात ठेवून हसलीस. ते वाक्य मी पुढे किती वर्ग शिकवले त्या प्रत्येकात सांगितलं. "अपघात मोटारीचो, चेडवा. ह्येंका निसता लागता."

अपघात म्हणजे मोटारीखाली येणं, पेपरात छापून येणं. पायात खिळा जाणं, फळीवरून घसरणं, बोट चेचणं याला तुझ्या माणसांकडे अपघात हा शब्दच नव्हता. लागलं, एवढंच. आणि लागलं तरी सांगायचं नाही, कारण मुकादमाला कळलं तर उद्या त्याच फळीवर दुसरा उभा. आमच्या संस्थेच्या सरांनी सहा महिने खपून केलेला फॉर्म तू खरकटी ताटं हातात धरून निकालात काढलास. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? फणकाऱ्याने म्हटलं, मग मोजायचं कसं, तूच सांग.

तू सांगितलं नाहीस, दाखवलंस. पुढच्या वेळी मला चुलीजवळ बसवलंस आणि म्हणालीस, गप्प बस आणि पंगत बघ. माणसं बसली. भाकऱ्या आल्या. एक जण म्हणाला, मला आज भातच दे. तू भात वाढलास आणि ताटाच्या कडेला एक ॲल्युमिनियमचा चमचा ठेवलास. त्याने डाव्या हाताने तो उचलला. उजवा हात मांडीखाली होता. एका हाताने भाकरी मोडता येत नाही गं, इतकी साधी गोष्ट. कुणी त्याला विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. दुसरा एक जण पाटावर न बसता ट्रंकेवर टेकला, त्याला तू ताट हातात दिलंस. त्याची कंबर नाहीतर गुडघा. आणि एकाचा डबा वरच्या माळ्यावर पाठवलास, तो जिना उतरू शकत नव्हता. एवढं झाल्यावर माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवलीस.

त्या रात्री घरी जाऊन मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला रेघा मारल्या. चमचा, ट्रंक, डबा. पुढचं वर्षभर आम्ही बांधकामावरचे अपघात असे मोजले. सरांना आधी हा पोरखेळ वाटला. मग परळच्या आणि शिवडीच्या आणखी चार खानावळींत तू मला नेलंस, तिथल्या बायकांना तुझ्या भाषेत काय सांगितलंस कोण जाणे, त्या सगळ्या जणी मोजायला लागल्या. वह्यांमध्ये काहीच नव्हतं आणि तुमच्या पंगतींत सगळं होतं. सरांनी मग तोच तक्ता पुढे चालवला.

आणि माझ्या चुका! एका बुधवारी मी आले तर अर्ध्याहून जास्त पंगत भात मागत होती. कुठेतरी मोठा स्लॅब कोसळला असणार, मी भराभर रेघा ओढल्या, एकेकाचे हात निरखले, आणि एका म्हाताऱ्याला तर विचारलंही, काका फार दुखतंय का? तू पदर तोंडात कोंबून बाहेर गॅलरीत गेलीस. परत आलीस ती डोळे पुसत. त्या दिवशी बांगड्याचं पातळ कालवण होतं, आणि कालवण झणझणीत झालं की ही माणसं भातावरच तुटून पडायची. मला मेलीला काय कळणार? त्यानंतर महिनाभर ते म्हातारे काका मला बघितलं की कण्हायचे आणि सगळे हसायचे.

गणपतीतली चूक तर मी अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात लिहिली होती. भाद्रपदात अपघातांचं प्रमाण जवळपास नाहीसं झालं, कामगार सणाच्या दिवसांत अधिक सावध राहत असावेत. हे मी तुला ऐटीत वाचून दाखवलं. तू विचारलंस, सावध कोण? सगळे गावाक गेले ना गो! खोलीत एक माणूस नव्हता. मी पंधरा दिवस रिकाम्या पंगतीतले चमचे मोजत होते आणि खूश होत होते.

हे सगळं आठवून मी एकटीच हसते आहे या बारा दिवसांत. पण तुझं-माझं भांडणही आठवतं, आणि ते कधी मिटलं नाही. नावांचं भांडण. मला नावं हवी होती. कुणाला लागलं, कुठल्या इमारतीवर, ठेकेदार कोण. नावाशिवाय नुसता आकडा कुणीही उठून सांगेल, त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार, असं सर म्हणायचे आणि मीही म्हणायचे. तू भिंत झाली होतीस. "आकडो घे. नाव मागा नको." कितीदा मी वाद घातला असेन. तू भाकरी थापत ऐकायचीस आणि शेवटी तेच बोलायचीस.

म्हणून मी शहाणपणा केला. दाजी नावाचा तुझा एक प्लास्टरवाला होता, मनगट सुजलेलं, आठवडाभर चमच्याने जेवत होता. त्याच्याशी गोड बोलून मी त्याच्या कामाची जागा विचारून घेतली. माटुंग्याला एक इमारत चालली होती. मी सरळ तिथे जाऊन मुकादमाला विचारलं, तुमच्याकडे दाजींना कसं लागलं? मला वाटलं, आता माझा पहिला नावानिशी अपघात नोंदला जाणार. दुसऱ्या दिवशी दाजी घरी बसला होता. मुकादमाने त्याला सांगितलं होतं, तुझी बाई चौकशीला येते, तू येऊ नकोस.

तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं. मी आले तेव्हा तू माझं ताट वाढलंस, पिठी वाढलीस, आणि माझ्याजवळ बसली नाहीस. एवढंच म्हणालीस, जेव आणि फारम बंद कर. मी घास गिळत होते आणि रडत होते. दाजी स्वतः समोर बसला होता आणि तोच मला म्हणाला, ताई, जाऊ द्या, काम मिळंल. तीन आठवडे मी आले नाही. मग एक दिवस तू तुझ्याच एका जेवणाऱ्याच्या हाती गिरगावात निरोप धाडलास की कुळीथ उरलाय, खराब होईल. दाजीला तोवर दुसरीकडे काम लागलं होतं. तू त्या विषयावर पुन्हा एक अक्षर काढलं नाहीस. त्यानंतर मी आपणहून कुणाचंही नाव विचारलं नाही.

आता मी त्या गोष्टीकडे येते, मावशी, जी आपण दोघी कधीच बोललो नाही.

वर्ष संपत आलं होतं. आमच्या मोजणीचा काळ जून ते मे असा ठरला होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात मी शेवटची पंगत मोजायला आले. तू फणसाची भाजी केली होतीस. माणसं जेवून गेली. तू हात धुतलेस, पदराला पुसलेस आणि माझ्यासमोर येऊन बसलीस. तू कधी बसायची नाहीस. म्हणालीस, फारम काढ. मी काढला. मग तू म्हणालीस, "माझो एक माणूस लिवून घे."

मी पेन उघडलं. नाव? तू भिंतीवरच्या फोटोकडे बघितलंस, मग जमिनीकडे, आणि म्हणालीस, भिकाजी.

तुझा नवरा गेलेला आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फोटोला हार होता. मी तुझ्याकडे यायला लागले त्याच्या दोन-तीन महिनेच आधी ते गेले होते. कसे गेले हे मी विचारलं नव्हतं. साऱ्या मुंबईला कसं लागलं, किती लागलं विचारत फिरणारी मी, आणि जिथे जेवत होते त्या घरात विचारलं नाही. असं विचारणं बरं दिसत नाही म्हणून. त्या दिवशी तू सांगितलंस. गिरणीत साच्यावर अठरा वर्षं, मग संप, मग सेंट्रिंगवर. परळमध्ये चौथ्या मजल्याच्या स्लॅबवरून खाली आले. ठेकेदार म्हणाला, हा माणूस कामावर नव्हताच, काम मागायला आला होता. पोलिसांच्या कागदावरही तेच आलं. त्याच स्लॅबवर तिघे जण तुझ्याच पंगतीतले होते. त्यांनी तोंड उघडलं नाही. तू त्यांना रोज वाढत होतीस. त्यांना पण पोट आहे, असं म्हणालीस तू, आणि तेही रागाने नाही.

मी विचारलं, कधीची गोष्ट? तू म्हणालीस, गेल्या वर्षी, चैत्रात, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी.

आणि मी, मावशी, मी बोटांवर महिने मोजले. मी म्हटलं, मग हे बसत नाही. आपला काळ जूनपासूनचा आहे. दीड-दोन महिन्यांनी बाहेर जातंय.

तू "बरां" म्हणालीस. उठलीस आणि मला विचारलंस, फणसाची भाजी डब्यात देऊ का? मी हो म्हटलं. मी डबा घेऊन घरी आले.

घरी आईला सगळं सांगत होते, हात हलवत, नियम कसे पाळावे लागतात वगैरे. आई चहा गाळत होती. तिने गाळणं खाली ठेवलं आणि मला विचारलं, "त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं? तोंडाने?" मी म्हटलं, हो, का? आईने गाळणं पुन्हा उचललं. मला मग एकेक आठवायला लागलं. वर्षभरात तू त्यांना 'ह्ये', 'सुनंदाचे बाबा', 'घरातले' म्हणत आली होतीस. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर सुनंदाला पुढे करायचीस. माझ्या आईनेही मंगळागौरीच्या उखाण्याशिवाय बाबांचं नाव कधी घेतलं नव्हतं. आणि तू, मला वर्षभर एक नाव न देणारी, एकच नाव घेऊन आली होतीस. मी ते लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी यायचं ठरवलं होतं. सकाळी उठून साडीही नेसले होते. मग म्हटलं, आता जाऊन काय सांगू? सरांना विचारावं लागेल, तक्ते टाइपाला गेलेत. खरं सांगू? मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा माझा तक्ता मला प्यारा होता. जून ते मे, बारा महिने, सगळं कसं चोख. तो काळ मागे सरकवायला एक ओळ पुरली असती. काळ मीच ठरवला होता, सरांनी नुसती सही केली होती.

अहवाल छापला गेला. तुझी ती वाटणी, चमचा, ट्रंक आणि डबा, पुढे किती ठिकाणी वापरली गेली. मला त्याच्यावर नोकरी मिळाली, मग मोठी नोकरी मिळाली. मी दर दोन-तीन महिन्यांनी तुझ्याकडे येतच राहिले. खानावळ बंद झाली, चाळ पाडली, तू शीवला संक्रमण शिबिरात गेलीस, तिथल्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या परांचीकडे तासन् तास बघत बसायचीस आणि मला सांगायचीस, आज एक लंगडत होता, पट्टा न बांधता वर दोघे होते. मग तुला तुझ्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये अकरावा मजला मिळाला. लिफ्टला तू शेवटपर्यंत घाबरलीस. तिथेही कुळथाची पिठी.

आणि मी दरवेळी नव्या कामाचं सांगितलं की तू तेच विचारायचीस, खयच्या सालापासून मोजतंस आता? मी साल सांगायचे. तू 'हां' म्हणायचीस. मला वाटायचं, मावशीला माझ्या कामात रस आहे, किती बारीक विचारते. बाहेर कौतुकानेही सांगितलंय मी हे लोकांना. प्रत्येक वेळी मी आधीच्यापेक्षा पुढचं साल सांगत होते आणि तू दरवेळी ऐकून घेत होतीस.

काल बाराव्याला आले होते. तुझ्या सगळ्या जुन्या माणसांपैकी फक्त दाजी आला होता, काठी टेकत. जेवणं झाल्यावर सुनंदा माझ्याजवळ बसली. ती म्हणाली, "आई म्हणायची, ताई एकदा तरी मागच्या सालापासून मोजायला घेतील बघ." सुनंदाला वाटत होतं की तिने मला तुझी एक गोड आठवण सांगितली. मी उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले.

पस्तीसहून जास्त वर्षं तू वाट बघितलीस आणि 'हे बसत नाही' या माझ्या शब्दांवरून मला एकदाही बोलली नाहीस. माझ्या ताटात वाढत राहिलीस. ज्या तिघांनी तोंड उघडलं नाही त्यांना वाढलंस, तसंच मला. मी त्या पंगतीतली चौथी होते, हे मला काल कळलं. आणि तरी तू मला निरोप पाठवून बोलवायचीस, भाकरी फाटली म्हणून हसायचीस, माझ्या आईच्या शेवटच्या आजारात शीवहून डबा घेऊन गिरगावात यायचीस. तुझ्याइतकं मला कुणी पोसलं नाही, मावशी. हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, तू मला मास्तरीण म्हणून हिणवलं असतंस.

तर आता ऐक. त्या अहवालातला आकडा चुकीचा आहे. एकाने कमी आहे. चूक मोजणाऱ्या बायकांची नाही, माझी आहे, आणि ती मला पहिल्या दिवसापासून माहीत होती. भिकाजी. साच्यावर अठरा वर्षं, नंतर सेंट्रिंगवर. परळ, चौथा मजला, रामनवमीचा दुसरा दिवस. कामावर होते.

तू सांगितलंस तेव्हा मी सगळं ऐकलं होतं गं. फक्त लिहिलं नव्हतं.